सरला

पितळी डबा उघडला आणि कवळी सुटून आली नाही. झालं एवढंच, पण माझ्या धंद्यात एवढंही पुष्कळ असतं. दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत मी कवळ्या बनवतो, सव्वीस वर्षं बनवतोय. मेणात दात बसवायचे, ती मेणाची कवळी डब्यात प्लास्टरमध्ये गाडायची, उकळत्या पाण्याने मेण काढून टाकायचं आणि मेणाच्या रिकाम्या जागेत गुलाबी अ‍ॅक्रिलिक भरून, दाबून, शिजवायचं. मेण काढल्यावर आणि अ‍ॅक्रिलिक भरायच्या आधी दोन मिनिटांचं एक काम असतं. प्लास्टरला ब्रशने सेपरेटर लावायचा. पातळ द्रव असतो, वाळला की त्याचा साईसारखा पापुद्रा होतो आणि मग प्लास्टर आणि अ‍ॅक्रिलिक एकमेकांना धरत नाहीत. पहिल्या आठवड्यातला नवखाही हे विसरत नाही. मी विसरलो होतो. सोमवारी सकाळी साडेअकरा वाजता डब्याचे दोन भाग दोन हातांत घेऊन मी उभा होतो आणि कवळी प्लास्टरला घट्ट धरून बसली होती. बरं, विसरायचंच होतं तर दवाखान्यात येणाऱ्या शंभर जणांपैकी कुणाची तरी विसरायची. ही आईची होती. वर्षभर आज करतो, उद्या करतो म्हणत शेवटी करायला घेतलेली. मी छोटी हातोडी घेतली आणि रागारागाने प्लास्टरवर एक ठोका मारला, आणि त्याच क्षणाला बेंबीच्या खाली, उजवीकडे, कुणीतरी आतून दोरी आवळावी तसं झालं. दोन श्वास राहिलं, मग सैल झालं. मी हातोडी खाली ठेवली. मी त्या कळेला ओळखत होतो. सहा वर्षांची ओळख आहे आमची.

नऊ वर्षांपूर्वी अपेंडिक्स फुटलं. पोट उभं फाडलं, आतली घाण धुतली, शिवलं, आणि मी म्हटलं, चला, एक नसता अवयव गेला, सुटलो. तीन वर्षांनी हीच कळ आली. पोट नगाऱ्यासारखं फुगलं, खाल्लेलं उलटून पडलं, आणि पोटवाल्या डॉक्टरांनी माझ्याच रिपोर्टच्या पाठीमागे पेनने एक वळणावळणाची नळी काढून दाखवली. "ही तुमची आतडी. आणि हे," तिच्या दोन वळणांमध्ये त्यांनी एक आडवी रेघ मारली, "हे चिकटलंय." कुणी चिकटवलं? "आधीच्या ऑपरेशनने." मग आता काय करायचं? "ऑपरेशन." त्याने पुन्हा चिकटणार नाही? डॉक्टर हसले. चांगले गृहस्थ आहेत, हसतात तेव्हा फार प्रामाणिक दिसतात, आणि त्याचाच मला राग येतो. पोटात हात घातला की आतला पापुद्रा दुखावतो, दुखावलेली जागा शेजारच्या दुखावलेल्या जागेला धरते, हे त्यांनी मला समजावून सांगितलं. म्हणजे ज्याने सोडवायचं त्यानेच चिकटवायचं. आगीतून फुफाट्यात. मी त्यांना विचारलं होतं, "डॉक्टर, मध्ये काही लावता येत नाही का? आमच्यात लावतात." त्यांना वाटलं मी थट्टा करतोय. मग मी सेपरेटरचं सांगितलं, तेव्हा ते खुर्चीत पुढे सरकले आणि म्हणाले की तसं एक असतं, पातळ फिल्मसारखं, ठेवतो आम्ही, कधी उपयोग होतो, कधी नाही. ऑपरेशन झाल्यावर ते पलंगाशी येऊन म्हणाले, "वीतभर आतडं काढावं लागलं, पण बाकी सगळं मोकळं केलंय." आणि घरी सोडताना मी दारात उभा राहून विचारलं, "आता परत नाही ना होणार?" तेव्हा त्यांनी कार्डावर सही करत, मानही वर न करता उत्तर दिलं, "दुखलं की या."

दुखलं की या! सहा वर्षं मी हे वाक्य चघळतोय. अरे, शिकला किती, नावापुढे अक्षरं किती, आणि शेवटी सांगायचं काय, तर दुखलं की या. म्हणजे काहीच सांगायचं नाही. लाल मिरची सोडू का, तर त्याने फरक पडत नाही. वजन उचलू नको का, तर उचला. पोटावर झोपू? झोपा. असा आजार मी पाहिला नाही ज्यात पथ्यसुद्धा नाही. पथ्य असलं तर माणूस निदान मोडल्याबद्दल स्वतःला बोल लावू शकतो. मी आपला सहा वर्षं प्रत्येक घासाकडे संशयाने बघत, बत्तीस वेळा चावून खात राहिलो. लोकांच्या चावण्याची सोय करणारा माणूस मी, आणि माझं जेवण संपेपर्यंत बायकोची भांडी घासून व्हायची. "तुमचं पोट म्हणजे या घरातली तिसरी बाई झालीय," ती एकदा म्हणाली. "तिला काय आवडतं, काय नाही, ती आज कशी आहे. आमच्या दोघींचं कुणी विचारत नाही." आम्ही दोघी म्हणजे ती आणि आई. ती गमतीत म्हणाली, पण भांडं जरा जोरात आपटलं.

सोमवारी घरी आलो तेव्हा तिने दारातच विचारलं, "काय झालं?" मी म्हणालो, "काही नाही." हे माझं ठरलेलं उत्तर आहे. सांगितलं की खरं होतं अशी माझी एक समजूत आहे, मूर्खपणाची आहे हे मलाही कळतं, पण समजूत आहे. पोट दुखतंय म्हणायचं नाही, कदाचित गॅस असेल, कदाचित दुपारचा ब्रेड असेल, कदाचित चालून बरं वाटेल. मी हॉलमध्ये येरझाऱ्या घातल्या. आई खिडकीशी खुर्चीत बसून माझ्याकडे बघत होती. तिला कानांनी कमी ऐकू येतं, म्हणून ती माणसाच्या तोंडाकडे बघून ऐकते, आणि माझं तोंड बंद असलं तरी तिला काहीतरी ऐकू येतच असतं. दर दहा-बारा मिनिटांनी दोरी आवळली जात होती. पाच वाजता मी बेसिनवर वाकलो आणि सकाळपासूनचं सगळं हिरवंपिवळं होऊन बाहेर पडलं. बायको मागे येऊन उभी राहिली. माझी पाठ चोळेल असं वाटलं होतं. तिने चोळली नाही. "कधीपासून?" तिने विचारलं. मी नळ सोडला. "सकाळपासून ना? सहा तास झाले. सहा तास काही नाही, काही नाही. तुमच्या 'काही नाही'चा अर्थ मला आता पाठ झालाय." ती आत गेली आणि पिशवी भरायला लागली, आणि मला दिसलं की पिशवीत काय घालायचं हेही तिला पाठ झालं होतं.

वॉर्डात मला खिडकीजवळचा पलंग मिळाला, याचं बायकोला फार समाधान. माझ्या नाकातून एक नळी पोटात घातली, तिच्या दुसऱ्या टोकाच्या पिशवीत हिरवट पाणी ठिबकत राहिलं. हातात सलाईन. पलंगाच्या पायथ्याशी पाटी लावली, 'तोंडाने काही देऊ नये'. घसा कोरडा पडून जीभ टाळ्याला चिकटायची आणि मला तेवढंसुद्धा सहन होईना, म्हटलं, बाई, तू तरी चिकटू नकोस. डॉक्टरांनी पोटाला हात लावला, वाजवलं, नळी लावून ऐकलं, फोटो बघितले आणि म्हणाले, "पूर्ण बंद नाहीये. आतड्याला विश्रांती देऊ, दोन-तीन दिवस वाट बघू. आपणहून सुटलं तर उत्तम. नाही सुटलं तर उघडावं लागेल." सुटलं हे कळणार कसं? "गॅस पास झाला की." म्हणजे बघा. एवढी यंत्रं, एवढे फोटो, रक्ताच्या एवढ्या बाटल्या, आणि माझं पोट फाडायचं की नाही हे शेवटी ठरणार कशावर, तर चारचौघांत जे झालं की माणूस खुर्ची सरकवल्याचा आवाज करतो, त्यावर. पन्नास वर्षं जे दाबून धरायला शिकलो त्याची आता डोळ्यांत तेल घालून वाट बघायची.

आणि वाट काही मी एकटा बघत नव्हतो. डॉक्टर विचारायचे, "गॅस पास झाला?" सकाळची सिस्टर विचारायची, "काका, मोकळं झालं का?" संध्याकाळची सिस्टर नुसती भुवया उडवायची. बायको शाळेच्या ऑफिसातून दुपारी थेट यायची आणि विचारायची नाही, पण डब्याची पिशवी खाली ठेवताना माझ्याकडे अशी बघायची, जणू परीक्षेचा निकाल माझ्या खिशात आहे. आणि आईचा शब्द तिसराच. वारा सरला का. तिच्या पिढीचा शब्द, सभ्य आहे, त्यात वास नाही. मंगळवारी बायकोने पलंगाजवळ वाकून विचारलं, "आई सारख्या विचारतायत, सरला का? काय सांगू?" मी चिडून म्हणालो, "नाही म्हणून सांग. सरला नाही, सरणार नाही, सगळ्यांनी माझ्या ढुंगणाकडे डोळे लावणं बंद करा." "हळू," ती म्हणाली. मग तिने फोन लावून माझ्या कानाशी धरला. फोनवर आई बोलते, ऐकत नाही. आणि दात काढल्यापासून तिच्या तोंडात स टिकत नाही, त्याचा ह होऊन जातो. पलीकडून ती ओरडली, "अरे, हरला का?" मी म्हणालो, "अजून नाही हरलो." "काय?" ती म्हणाली. "हरला का म्हणते मी!"

माझ्या शेजारच्या पलंगावर एक टॅक्सीवाला होता, हर्नियाचं ऑपरेशन झालेला. तो मोकळा झालाही होता, त्याचा त्याने कालच जाहीर कार्यक्रम केला होता. बायको गेल्यावर तो कुशीवर वळला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "अजून आल्या नाहीत वाटतं?" कोण? "सरलाताई. नाही, विचारू नये म्हणा. पण कालपासून वहिनी विचारतायत, सिस्टरपण डोळ्यांनी विचारते, म्हणून म्हटलं. बहीण का?" मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. मी छताकडे बघत म्हणालो, "जवळच्या आहेत." "येतील हो. लांबून यायचं असेल." "हो," मी म्हणालो, "वीस-बावीस फुटांवरून." त्याने हे ऐकलं नसावं, किंवा नळीमुळे मी काहीतरी बरळतोय असं त्याला वाटलं असावं. "रुसल्या असतील," तो म्हणाला. "बायकांचं असं असतं, जितकी वाट बघाल तितक्या येत नाहीत. लक्ष दुसरीकडे ठेवा."

दुसरीकडे म्हणजे कुठे? लक्ष म्हटलं की ते फिरून डब्यातल्या कवळीकडे जात होतं. सोमवारी मी ती प्लास्टरच्या ढेकळासकट कागदात गुंडाळून घरी आणली होती, दवाखान्यात कुणी बघू नये म्हणून. आईचे शेवटचे चार दात वर्षापूर्वी काढले. दवाखान्यातले दातवाले डॉक्टर म्हणाले होते, "तुम्हीच करा आता, घरचंच काम." घरचं काम म्हटलं की ते मागे पडतं. रोज कुणीतरी परगावी जायचंय म्हणून घाईत असायचं, कुणाचं लग्न असायचं, कुणाला फोटो काढायचा असायचा, आणि आईला कुठे जायचंय? ती बसते खिडकीशी. ती वर्षभर कुस्करलेलं, भिजवलेलं खात राहिली आणि एकदाही काही म्हणाली नाही. नाही, एकदा म्हणाली. शेजारी कुणाला तरी सांगत होती, "दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, पण माझ्या मुलाने दात कोरूनच घर चालवलं." कौतुकाने सांगत होती, आणि मी आत बसून ते बोळक्या तोंडाचं कौतुक ऐकत होतो. मला लाज वाटली, आणि लाज वाटली की मला राग येतो, तेव्हा मी बाहेर येऊन तिलाच म्हणालो, "किती मोठ्याने बोलतेस." दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. शेवटी केली कवळी, तर सेपरेटर विसरलो. चिकटलेलं प्लास्टर मशीनवर घासून काढता येतं, पण आतल्या बाजूने घासलं की टाळूचं माप जातं, मग ती ना धरते ना सुटते. ओढून काढलं तर तुकडा जातो. हे मला सव्वीस वर्षं माहीत आहे. माहीत असून मी हातोडी मारली होती.

बुधवारी सकाळी डॉक्टर आले, पोट वाजवलं, तोंडाचा चंबू केला. "फारसा फरक नाही. आज दिवसभर बघू, नाही तर उद्या सकाळी आठला घेऊ." मी म्हणालो, "आजच घ्या." ते थांबले. मी म्हणालो, "डॉक्टर, माझ्या नाकी नऊ आलेत. नाकात तुमची नळी आहे म्हणून नाही म्हणत. तीन दिवस मी या एका गोष्टीची वाट बघतोय. आयुष्यात एवढी वाट मी कशाची बघितली नाही. उघडा, काय चिकटलंय ते सोडवा, आणि एकदाचं काय ते संपवून टाका." ते म्हणाले, "एकदाचं असं यात नसतं." "मग काय असतं?" "पुन्हा उघडलं की पुन्हा चिकटायची शक्यता वाढते. आपणहून सुटलं तर तेवढं तरी वाचतं. घाई तुम्हाला आहे, आतड्याला नाही." बायको पलंगाच्या पलीकडे उभी होती. "डॉक्टर सांगतायत तर संध्याकाळपर्यंत थांबा ना," ती म्हणाली. "तुला काय जातंय थांबायला सांगायला?" मी म्हणालो. तिचा चेहरा उतरला नाही, उलट कडक झाला. "मला काय जातं? दोन्ही वेळेला बाहेर बाकावर मी बसले होते. तुम्ही आत झोपलेले असता. तुम्हाला ते चार तास माहीतच नाहीत." सिस्टरने संमतीचा कागद आणला. त्यात लिहिलं होतं की आतड्याचा भाग काढावा लागू शकतो, हे मला समजावून सांगितलं आहे. मी सलाईनच्या हाताने सही केली, ती माझ्या सहीसारखी दिसत नव्हती. बायको सही न बघता पिशवी उचलून गेली.

ती गेल्यावर मला भीती वाटायला लागली. खरं तर आधीपासून वाटत होती, रागाच्या खाली होती. मागच्या वेळी वीतभर गेलं. या वेळी किती? किती जाऊन चालतं? एकदा मी हे डॉक्टरांना विचारलं होतं तर ते म्हणाले होते, बरंच जाऊन चालतं, आणि त्या 'बरंच'मध्ये मला कुठेतरी एक शेवटची वीत दिसली होती, जिच्यापुढे चालत नाही. त्यानंतर माणूस नळीवर जगतो. मी मनातल्या मनात त्या नळीवरच्या माणसाकडे बघत होतो, तो खिडकीशी खुर्चीत बसला होता, आईच्या शेजारी. शाळेत मला चिकट म्हणायचे. एक गणित सुटेपर्यंत मी उठत नसे म्हणून. वडिलांनी ते ऐकलं तर म्हणाले, चिकट नाही रे, त्याला चिकाटी म्हणतात, ती असली की माणसाचं काही अडत नाही. आता त्यांना बोलावून दाखवायला हवं होतं, बघा बाबा, माझ्या आतड्यांनी तुमचं किती मनावर घेतलंय. हाही विनोद माझा मलाच सांगून झाला, आणि नंतर मी भिंतीकडे तोंड करून थोडा रडलो. नाकात नळी असताना रडणं फार गैरसोयीचं असतं. टॅक्सीवाला तेवढ्यात म्हणाला, "आज नक्की येतील बघा." त्याला मी शिवी दिली नाही, हीच त्या दिवसातली माझी कमाई.

चारला भेटायची वेळ सुरू झाली. आधी बायको आली, आणि तिच्या मागून, तिच्या दंडाला धरून, आई. मी वैतागलो. एवढ्या पायऱ्या तिला कशाला चढायला लावल्या? घरी ठेवायची ना. "ऐकत नाहीत," बायको म्हणाली. "तीन दिवस ऐकत नाहीयेत. तुम्हीच बघा." तिच्या आवाजात सकाळचं काही नव्हतं, काहीतरी वेगळंच होतं, हसू दाबल्यासारखं. आई पलंगाशी येऊन उभी राहिली. तिचा चेहरा बदलला होता. आधी मला कळेना काय, मग कळलं. गाल भरले होते. वरचा ओठ जिथे असायला हवा तिथे होता. मी नळीसकट उठून बसलो. "तोंड उघड," मी म्हणालो. तिने उघडलं. माझी कवळी होती. दातांच्या फटींत पांढरं प्लास्टर अजून अडकलेलं होतं, पण होती, आणि जागेवर बसली होती. "कुणी काढलं प्लास्टर?" बायको म्हणाली, "सोमवारी पिशवीतनं तो कागद पडला. मी टाकणार होते. त्यांनी ठेवून घेतलं. कोमट पाण्यात घालायच्या, आणि भिजलं की केसातला आकडा घेऊन कोरायच्या. खिडकीशी बसून. तीन दिवस. रात्रीपण पाण्यातच. ओढू नका म्हटलं तर म्हणाल्या, मी कुठे ओढते, ते सुटेल तेवढंच काढते." आईने हे सगळं तिच्या ओठांवरून वाचलं असावं, कारण ती मान हलवत होती. कवळी घातलेल्या प्रत्येक माणसाला दातवाले डॉक्टर आधी आकडे म्हणायला लावतात, सहासष्ट, सदुसष्ट, अडुसष्ट. त्यात स स्वच्छ आला की कवळी बसली म्हणायची. नाही तर ती माझ्याकडे परत येते. मी सवयीने तेच म्हणणार होतो. पण तिला कुठे धीर? ती माझ्या कानाशी वाकली आणि बहिऱ्या माणसाला आपला आवाज कळत नाही तशी, अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल अशी, खणखणीत म्हणाली, "वारा सरला का रे?"

असा स! वर्षभरात तिच्या तोंडून न आलेला, शिट्टीसारखा, धारदार, वरच्या पुढच्या दोन दातांमधून निघालेला. तिलाही तो ऐकू आला असावा, कारण ती दचकली आणि हात तोंडाशी नेला. टॅक्सीवाला उठून बसला होता. त्याचा चेहरा बघण्यासारखा होता, दोन दिवसांचं सगळं त्याच्या डोक्यात एकदम जुळत होतं. "वारा," तो पुटपुटला. "वारा सरला. हात्तिच्या!" आणि मला हसू आलं. ते पोटातून आलं. जुन्या दोन्ही टाक्यांच्या रेघांवरून कळ गेली, मी दोन्ही हातांनी पोट धरलं, आणि हसता हसता कुठेतरी खोल, उजवीकडे, काहीतरी गुरगुरलं, वळलं, पुढे सरकलं, थांबलं, पुन्हा सरकलं. मग झालं. फार मोठा आवाज नव्हता. बायकोने माझ्याकडे बघितलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. बावीस वर्षांच्या संसारात या कारणाने तिचे डोळे कधी भरून आले नव्हते. "काय?" आई म्हणाली. "काय झालं?" मला ओरडावंच लागलं. "सरला, आई! सरला!" "आल्या म्हणा की," टॅक्सीवाला म्हणाला. "आल्या," मी म्हणालो. "उभ्या उभ्याच आल्या आणि गेल्या."

डॉक्टर साडेपाचला आले. तोवर सरलाताई आणखी दोनदा येऊन गेल्या होत्या. डॉक्टरांनी पोट वाजवलं, ऐकलं, आणि सकाळचा सहीचा कागद फाईलमधून काढून उलटा ठेवला. "उद्याचं रद्द. आता पाण्यापासून सुरू करू." मी विचारायचं नाही असं ठरवलं होतं, तरी विचारलंच. परत होईल का? "होऊ शकतं. पुढच्या महिन्यात, दहा वर्षांनी, कदाचित कधीच नाही. आत जे चिकटलंय ते तिथेच आहे. फक्त वाट मिळालीय." मला वाटलं मी चिडेन. त्यांनी पुढचं वाक्य म्हटलं नाही, पण ते दोघांनाही ऐकू आलं. ते गेल्यावर आईने कवळी काढली आणि माझ्या पुढे धरली. "इथे टोचतंय," ती बोळक्या तोंडाने म्हणाली. मी अंगठा आतून फिरवला. सुळ्याच्या मागे प्लास्टरचा एक कण राहिला होता, साबुदाण्याएवढाही नाही. मी हात पुढे केला, तिने केसातला आकडा काढून दिला. सलाईनचा हात सांभाळत मी तो कण हळूहळू मोकळा केला, ओढला नाही, आणि कवळी चादरीला पुसून तिच्या हातात ठेवली. "घाल आता," मी म्हणालो. "दुखलं की ये."

तिने माझ्या ओठांकडे बघितलं आणि कवळी घालून, सगळे स जागच्या जागी ठेवत म्हणाली, "ये म्हणजे कुठे येऊ? तुझ्याच घरात राहते ना मी? का सांगायचंसुद्धा नाही?" बायको खिडकीकडे तोंड करून हसत होती. सिस्टर चमच्याने पाणी घेऊन आली. दोन चमचे, म्हणाली, आणि थांबा. मी तोंडात धरलं. तीन दिवसांनी आलेलं पाणी, कुठल्याच चवीचं नसलेलं, इतकं गोड लागलं. मी गिळलं आणि त्याच्यामागून गेलो, घशातून, छातीतून, खाली. तिघी माझ्याकडे बघत होत्या. ते खाली उतरलं, आणि थोड्या वेळाने बेंबीच्या खाली, उजवीकडे, त्या जुन्या जागी, किंचित ओढल्यासारखं झालं. दोरी आवळली नाही, नुसता कुणीतरी तिला हात लावला.

"काय झालं?" बायकोने विचारलं. काही नाही, हे शब्द तोंडात तयार होते. आई माझ्या तोंडाकडे बघत होती.

"ओढल्यासारखं झालं," मी म्हणालो. "इथे. थोडंसंच."

"बरं," बायको म्हणाली, आणि खुर्ची जवळ घेऊन बसली.